सहा किलो टोस्ट

त्या अधिकाऱ्यानं आमचा टोस्ट हातात घेतला आणि टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवून पाहिला. टोस्ट तुटला नाही. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर आमची बॅग उघडून ठेवली होती. आत सहा किलो टोस्ट होते, अर्ध्या अर्ध्या किलोच्या बारा पुड्या, आणि वर कुमुदच्या दोन साड्या. साड्या लपवायला घातल्या नव्हत्या, टोस्ट मोडू नयेत म्हणून घातल्या होत्या. हे विकायला आणलंय का, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. मी नाही म्हटलं. मग भेट द्यायला? तेही नाही. मग कशाला? मी माझ्या बायकोकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, "ईटिंग. ओन्ली शी."

त्यानं कुमुदकडं पाहिलं. ती पाच फुटांना जराशी कमी. पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. ती त्याच्याकडं नाही, त्याच्या हातातल्या टोस्टाकडं पाहत होती.

"त्याला म्हणावं, तेवढा तुम्हालाच ठेवा," ती मला म्हणाली.

एवढं इंग्रजी मला येत नव्हतं. मी चौतीस वर्षं सांगलीत एका बेकरीत भट्टीवर होतो. पण टोस्ट म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. पाव एकदा भाजायचा, रात्रभर गार होऊ द्यायचा, दुसऱ्या दिवशी कापायचा आणि परत भट्टीत सारायचा. पहिली आच शिजवायला, दुसरी आच पाणी काढायला. पाणी गेलं की मग त्याला महिनाभर काही होत नाही. मी दोन बोटं वर करून "टू टाइम फायर" म्हटलं. तो हसला, "बेस्खाउट" असं काहीतरी म्हणाला आणि पुड्या परत ठेवल्या. तुपाचा डबा मात्र काढून घेतला. तो आमच्या रेवतीच्या बाळंतपणासाठी होता.

कुमुदला जाऊन आता दीड वर्ष होईल. ही गोष्ट त्याच्या चौदा वर्षं आधीची आहे. भेटायला येणारे लोक तिच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि ते बोलतात ते बरोबरच असतं. पण मला तिची आठवण येते ती हॉलंडमधल्या त्या तीन आठवड्यांची, आणि ते लोकांना पटकन सांगता येत नाही. म्हणून लिहितोय.

रेवती आमची एकुलती एक. नोकरीसाठी आइंडहोवनला गेली आणि तिथल्याच बार्ट नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. कुमुदचा त्याला विरोध होता. तो तिनं एकदा सांगितला, रेवतीनं ऐकून घेतला आणि लग्न केलं. लग्न सांगलीतच झालं. कुमुदनं जावयाचे पाय धुतले, पंगतीत आग्रह केला, आणि नंतर त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. चार वर्षांत रेवतीनं दोनदा आम्हाला बोलावलं. दोन्ही वेळा कुमुदनं गुडघे पुढं केले. आता पहिलं बाळंतपण होतं, तेव्हा गुडघ्यांचं काही चालण्यासारखं नव्हतं. फक्त तिकिटं मिळाली ती तारखेच्या तीन आठवडे आधीची.

अडचण या तीन आठवड्यांची होती. आमच्याकडं जुनी रीत आहे, मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी खायचं नाही. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी ती सोडून दिली. कुमुद तशी रीतीभातीची नव्हती. संकष्टीला दुपारी पोटभर जेवून मग आज काय आहे ते आठवणारी बाई. पण ही एक तिनं धरली. मला तिनं बेकरीत पाठवलं. एकवीस दिवस, दिवसाला नऊ-दहा टोस्ट, असा हिशोब करून मी सहा किलो बांधून आणले.

मी स्वतः पहिल्याच संध्याकाळी रेवतीकडं जेवलो. बार्टनं वरणभात केला होता आणि मला भूक लागली होती. कुमुद मला काही बोलली नाही.

तिचे नियम तिनंच ठरवले होते. पाणी चालायचं, कारण पाणी नगरपालिकेचं. केळी आणि दही मी दुकानातून आणत असे, ते चालायचं. चहा चालत नव्हता, कारण गॅस त्यांचा. मग त्यांचा हीटर कसा चालतो, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ऊब कुणी खात नाही."

आणि ती घरात बसून खायची नाही. दुसऱ्याच्या छपराखाली बसलं की खाल्लेलं त्याचंच, असं तिचं म्हणणं. घरासमोर रस्ता ओलांडला की छोटी बाग होती, तिथं एक बाक होता. ती दिवसातून तीनदा बार्टचा जाडा कोट साडीवर चढवून तिथं जायची. कोट तिच्या घोट्यापर्यंत यायचा. एका हातात पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला, दुसऱ्या हातात पुडी. टोस्ट पाण्यात बुडवायचा, झटकायचा, खायचा. मार्च महिना होता. पेल्यातलं पाणी एवढं गार असायचं की तिची बोटं लाल व्हायची.

गल्लीतल्या लोकांनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी समोरची एक म्हातारी बाई तिच्यासाठी वाडगाभर सूप घेऊन आली. कुमुदनं हात जोडले आणि ते मला प्यायला दिलं. सातव्या दिवशी त्या बाईनं रेवतीला गाठून विचारलं की तुझ्या आईला घरात का घेत नाहीस.

रेवतीनं हे आम्हाला जेवणाच्या टेबलावर सांगितलं, म्हणजे मला सांगितलं, कारण टेबलाशी मीच होतो. कुमुद तेव्हा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून बाळाची दुपटी शिवत होती. दार उघडं होतं.

"अप्पा, लोकांना वाटतंय मी आईला उपाशी ठेवते."

"त्यांना काय कळतंय," मी म्हटलं.

"मलाही कळत नाही. लग्नाला नाही म्हणाली, ठीक आहे. चार वर्षं झाली. आता माझ्या घरचा घास तिच्या घशाखाली उतरत नाही, हे सगळ्या गल्लीला दाखवायचंय का तिला?"

बाहेर सुई थांबली नाही. कुमुदनं दोरा दातानं तोडला, एवढाच आवाज आला.

बार्टची आई ट्रूस. ती जवळच्या गावात एकटी राहायची आणि दर शनिवारी सायकलवरून यायची. पासष्टीची, उंच, मोठ्यानं बोलणारी. तिला कुणीतरी बाकाची गोष्ट सांगितली. तिनं आपल्या परीनं अर्थ लावला, की विहीणबाईंचं पोट बिघडलेलं आहे. त्या देशात पोट बिघडलं की कोरडं काहीतरी खातात. तिनं रीतसर औषधाच्या दुकानातून पावडर आणली, आणि कागदात गुंडाळलेल्या गोल टोस्टांच्या सहा नळ्या. बेस्खाउट म्हणजे हेच. नळी फोडून मी एक हातात घेतला. आमच्या टोस्टाच्या निम्म्या वजनाचा, बशीसारखा गोल, आतून जाळीदार. धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. पीठ जास्त फुगवलेलं, आणि दुसरी आच अगदी मंद. मला तो आवडला.

कुमुदनं नळ्यांना हात लावला नाही. मुलीच्या घरचं चालत नाही तर मुलीच्या सासूनं आणलेलं तर त्याहून नाही, असं तिनं मला समजावलं. पावडर मात्र तिनं घेतली, कारण ते औषध होतं. त्यानं तिला दोन दिवस बद्धकोष्ठ झालं.

मला तिथं काही काम नव्हतं. एकच दिवस कामाचा गेला. त्यांच्याकडं घरीच बाळंतपण करतात आणि त्यासाठी पलंग ठोकळ्यांवर चढवून कमरेएवढा उंच करावा लागतो, म्हणजे सुईणीची पाठ दुखत नाही. मी आणि बार्टनं तो उचलून चढवला. बाकी दिवस मी दुकानं बघत फिरायचो, आणि दुकानात गेलो की मी टोस्टच बघणार. तेव्हा मला कळलं की हा प्रकार सगळ्या जगात आहे. इटलीचे बदाम घातलेले होते, ते दारूत बुडवून खातात. रशियन दुकानात काळ्या पावाचे होते. त्यावर पाणी ओतून, आंबवून पेय करतात, असं बार्टनं वाचून मला खुणांनी सांगितलं. एका ग्रीक माणसाच्या दुकानात विटेएवढे जाड, जवाचे होते. त्यानं मला तो कसा खायचा ते करून दाखवलं. सरळ नळाखाली धरला, पाणी पाजलं, वर टोमॅटो किसून घातला, तेल, मीठ. अख्खं बेट असं खातं म्हणे. चहाचं नाव नाही.

मी धावत बाकाकडं गेलो आणि कुमुदला सांगितलं, की असे लोक आहेत जे तुझ्यासारखाच टोस्ट पाण्यात बुडवून खातात, हजारो वर्षं.

ती म्हणाली, "त्यांनीही मुली लांब दिल्या असतील."

बाराव्या दिवशी सकाळी रेवती स्वतः बाकापाशी आली. नववा महिना भरत आलेला, तिला रस्ता ओलांडायलाच वेळ लागला. मी कुमुदच्या शेजारी केळं सोलत बसलो होतो. रेवती बसली नाही.

"आई, एक सांगायचं होतं. माझं बाळंतपण घरात होणार आहे."

"माहीत आहे की. पलंग चढवलाय तुझ्या अप्पांनी."

"त्या वेळी तू आत येऊ नकोस."

कुमुदच्या हातातला टोस्ट पेल्यातच राहिला.

"ज्या घरात तुला एक घास खाता येत नाही," रेवती म्हणाली, "त्या घरात माझ्या उशाशी उभं राहून काय करणार? नंतर ये. मूल झाल्यावर. तेव्हा तुझी रीत पण संपलेली असेल."

ती शांतपणे बोलली. तिनं पाठ करून ठेवलं असावं. कुमुद "बरं" म्हणाली. रेवती आणखी थोडी थांबली, मग परत गेली. पेल्यातला टोस्ट तोवर विरघळला होता. कुमुदनं ते पाणी तसंच पिऊन टाकलं.

ती या एका कामासाठी आली होती. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला उशाशी असायचं म्हणून तिनं कधी न बसलेल्या विमानात आठ तास डोळे मिटून काढले होते. मला राग आला. मला कुमुदचा क्वचित राग यायचा, त्या दिवशी आला.

मी म्हटलं, "खा एक दिवस. काय होतंय? तिला वाटतंय तू लग्नाचा राग काढतेस. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतंय."

"लग्नाचा राग कधीच गेला," ती म्हणाली. "मुलगा बरा आहे. भांडी घासतो."

"मग हे कशाला?"

तिनं पुडीतून दुसरा टोस्ट काढला, पण बुडवला नाही.

"माझी आई आपल्या घरी किती वेळा आली असेल?"

माझ्या सासूबाई तासगावच्या. आमचं लग्न झाल्यापासून त्या वारल्या तोवर नऊ वर्षं झाली. दोन महिन्यांतून एकदा यायच्या. मी म्हटलं, पन्नासेक वेळा.

"पन्नास वेळा आली आणि एकदा जेवली नाही. सकाळच्या गाडीनं यायची, स्टँडवर लिंबाखाली बसून आपली भाकरी खायची आणि मग घरी यायची. आपल्याला मूल कुठं होतं? मी दर वेळी पाट मांडायची, ताट वाढायची. ती म्हणायची, पुढच्या खेपेला. रेवती झाली तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती."

हे मला नवीन नव्हतं. सासूबाईंना परत स्टँडवर सोडायला मीच जायचो, सायकलच्या कॅरिअरवर बसवून. त्यांच्यासाठी मांडलेला पाट आणि वाढलेलं ताटही मी पाहिलेलं होतं. त्या गेल्यावर ते ताट बहुतेक वेळा मीच खात असे.

"आता मी आत जाऊन वरणभात खाल्ला," कुमुद म्हणाली, "तर काय झालं? काहीच नाही झालं. असंच ना? मग तिनंही खाल्लं असतं तरी काही झालं नसतं. मग ती नऊ वर्षं माझ्या दारातनं उपाशी गेली ती कशासाठी?"

 मी केळं खाल्लं.

रेवतीला सांगतो, असं मी नंतर म्हटलं. कुमुदनं नको म्हटलं. पोटुशी बाईला मेलेल्या माणसाचं सांगू नये. आणि सांगितल्यावर तिनं आपल्याला आत घेतलं तर ती दया झाली. मी सांगितलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे रेवतीला कळा सुरू झाल्या. सात वाजता सुईण सायकलवरून आली, पाठीवर पिशवी, चेहरा शांत. कुमुदनं उठून अंघोळ केली, कोट घातला, भरलेला पेला आणि पुडी हातात घेतली आणि बाकावर जाऊन बसली. तिथून वरच्या खोलीची खिडकी दिसायची. मी ये-जा करत होतो. घराचा जिना शिडीसारखा उभा होता, माझे पाय भरून आले. दर खेपेला मी येऊन सांगायचो, चाललंय. ती मान हलवायची. तिनं सकाळपासून पुडी उघडली नव्हती.

बाराला मी वर गेलो तेव्हा सुईण बार्टशी हलक्या आवाजात बोलत होती. त्यानं मला सोप्या इंग्रजीत आणि खुणांनी समजावलं. रेवतीनं काल संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सकाळी सूप दिलं, उलटून पडलं. केळं नको म्हणाली. ट्रूसच्या नळीतला एक टोस्ट लोणी लावून दिला, तो वासानंच नको झाला. अंगात जोर राहिला नव्हता आणि कळा मंदावत होत्या. पोटात काही गेलं नाही आणि एक वाजेपर्यंत कळा वाढल्या नाहीत, तर गाडीत घालून इस्पितळात न्यायचं, असं सुईणीनं ठरवलं होतं. धोका नाही, पण न्यावं लागेल.

मी हे कुमुदला सांगायला खाली आलो. माझ्या मागोमाग बार्टही आला. तो अनवाणीच रस्ता ओलांडून आला. त्याला मराठीचे पंधरा-वीस शब्द यायचे.

"आई, चला," तो म्हणाला.

कुमुदनं विचारलं, "तिनं बोलावलं?"

तो खोटं बोलला असता तर कुणी त्याला नाव ठेवलं नसतं.

"नाही," तो म्हणाला. "मी."

कुमुद त्याच्याकडं पाहत राहिली. मग उठली. त्या उभ्या जिन्यावर ती दोन्ही हात पुढच्या पायऱ्यांना टेकवत, रांगत चढली. मी मागून पेला आणि पुडी घेऊन. वर गेल्यावर मी ती तिच्या हाती दिली आणि दाराबाहेरच थांबलो.

पलंग तिच्या छातीपर्यंत येत होता. ठोकळे मीच लावले होते, आणि तेव्हा तिच्या उंचीचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. बार्टनं कोपऱ्यातलं लाकडी खोकं ओढून दिलं, ती त्यावर चढली. रेवतीनं डोळे उघडले. तिचे ओठ पांढरे पडले होते.  जा म्हणाली नाही, ये म्हणाली नाही.

कुमुदनं पेल्यात साखर मागितली. बार्टनं आणली. साखर त्यांच्या घरची होती, पण ती खाणार नव्हती, रेवती खाणार होती. तिनं आमच्या पुडीतला टोस्ट मोडला, गोड पाण्यात बुडवला आणि रेवतीच्या ओठांजवळ नेला.

"एवढा खा."

रेवतीनं तोंड फिरवलं. "तू खा आधी."

सुईणीला भाषा कळत नव्हती, पण ती हातातलं काम थांबवून पाहू लागली. कुमुदनं तो तुकडा स्वतःच्या तोंडात घातला नाही. पेल्याच्या काठावर टेकवून ठेवला.

"खा, बाळा."

रेवतीनं कोपरावर जोर दिला आणि अर्धी उठली. तिनं हात पुढं केला, पेल्यात बोटं घातली आणि दुसरा तुकडा बाहेर काढला. तो तिनं कुमुदच्या तोंडापुढं धरला.

हे बाकी कुणाला कळलं नसेल, पण मी चौतीस वर्षं तो माल केला आहे. आमचा टोस्ट पाण्यात पुरता भिजला की बोटांत फार तर सात-आठ सेकंद टिकतो. मग मधून वाकतो आणि पडतो.  पाणी रेवतीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. टोस्ट आमचा, पाणी नगरपालिकेचं, साखर त्यांची, आणि हात तिचा. मूल अजून झालेलं नव्हतं. मी मनात मोजत होतो. पाचाला तुकडा वाकायला लागला.

कुमुदनं मान पुढं केली आणि खाल्ला.

तिनं तो चावला नाही, चावण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. गिळला, आणि पदरानं रेवतीचा हात पुसला. मग काठावरचा तुकडा तिला दिला. रेवतीनं खाल्ला. त्यानंतर एक तुकडा हिला, एक तिला, असे चार टोस्ट संपले.  सुईणीनं घड्याळाकडं पाहिलं, रेवतीच्या पोटावर हात ठेवला आणि बार्टला काहीतरी म्हणाली. त्यानं अंगठा वर करून सगळं ठीक असल्याचं मला दाखवलं. मग मला खाली पाठवण्यात आलं.

चार वाजायला वीस मिनिटं असताना मुलगी झाली. कुमुद शेवटपर्यंत त्या खोक्यावर उभी होती.

ट्रूस सहाच्या सुमाराला आली आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. त्यांच्याकडं मूल झालं की येणाऱ्या प्रत्येकाला तो गोल टोस्ट देतात, वर लोणी, आणि लोण्यावर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेसारख्या बिया. मुलगी असेल तर गुलाबी आणि पांढऱ्या. त्या बियांना त्यांच्या भाषेत छोटे उंदीर म्हणतात, हे बार्टनं मोठ्या कष्टानं समजावलं. कुमुदनं तरी एक उचलून चावून पाहिली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, असं ट्रूसनं स्वतःच्या छातीकडं हात करून सांगितलं.

"बाळंतशोपाच की," कुमुद मराठीत तिला म्हणाली. "आमच्याकडं टोस्टावर घालत नाहीत एवढंच."

ट्रूसनं मान डोलावली. तिला वाटत होतं की विहीणबाईंचं पोट सुधारलं.

मग ती नातीला बघायला वर गेली. बार्ट वरच होता. स्वयंपाकघरात मी आणि कुमुद. आता रीत रीतसर संपली होती. तिच्यापुढं बशीत तो टोस्ट होता. तिनं तो लोण्यासकट सावकाश खाल्ला. दाणे निसटून बशीत पडत होते, टेबलावर पडत होते. मी तिला विचारलं, कसा आहे. ती म्हणाली, हलका आहे.

 मी चहा टाकला. त्यांच्या गॅसवर.

"मी आईपुढं ताट वाढायची," ती म्हणाली. "दर वेळी. भाजी, आमटी, लोणचं. आणि ये म्हणून चुलीपाशी बसून राहायची. ती नको म्हणायची, की मी ताट झाकून ठेवायची."

"तू तरी काय करणार होतीस," मी म्हटलं.

"मी तिच्या तोंडापुढं घास कधी धरला नाही."

मी चहाकडं बघत होतो.

"पन्नास वेळांत एकदाही नाही. हातात घेऊन धरला असता तर तिनं खाल्ला असता."

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

"मला ठाऊक आहे," कुमुद म्हणाली, आणि बशीतले उरलेले गुलाबी दाणे एक एक बोटाला चिकटवून खात बसली.